चौदा नंबरची सावली

प्रिय मर्व्ह,

तुमच्या नव्या खुब्याला आणि बाकीच्या सगळ्या जुन्या सांध्यांना माझा नमस्कार. तब्येत कशी आहे असं विचारत नाही, कारण मागे फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही तब्येतीचं एक वाक्य सांगितलंत आणि वॉर्डातल्या जेवणाचं अर्धा तास. भोपळ्याचा लगदा अजून चालू आहे का? आणि तुम्हाला चालायला लावणारी ती मुलगी, तिला 'सार्जंट' म्हणणं तेवढं बंद करा. ती तुमच्या भल्यासाठीच ओरडते, आणि ह्या वयात शिडीवर चढून पन्हळीतला पाला काढायला तुम्हाला तिनं सांगितलं नव्हतं. टोमॅटोंना मी एक दिवसाआड पाणी घालतोय. डावीकडची ओळ छान आहे. उजवीकडच्या ओळीबद्दल आपण नंतर बोलू. (काकाकुवे.)

फोन करायचा सोडून पत्र का लिहितोय असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही नुसतं 'हं' म्हणता, आणि तुमच्या 'हं'चे बरेच अर्थ असतात, तोंड बघितल्याशिवाय कुठला ते कळत नाही. शिवाय एक वाईट बातमी आहे. ती तुम्हाला कळवायचं काम ब्रॉननं माझ्यावर टाकलंय. बातमी खाली येईल. लगेच खाली बघू नका, मी बराच खाली लिहिणार आहे.

ब्रॉन आणि मी वेगळे झालो हे तुम्हाला ऑक्टोबरपासून माहीत आहे. त्या आठवड्यात तुम्ही मला फोन केलात आणि एवढंच विचारलंत की लाकडं फोडायची कुऱ्हाड माझ्याकडे आली की तिच्याकडे. (माझ्याकडे. अजून.) त्यानंतर तुम्ही तो विषय काढला नाहीत, मीही नाही, आणि दर शनिवारी आपण पूर्वीसारखेच फुटबॉलबद्दल बोलत राहिलो. पण मर्व्ह, मला एक गोष्ट कळत नाहीये आणि ती कुणाला विचारायची हेही कळत नाहीये. बायको जाणार, घर जाणार, हे लोक सांगतात, त्याची तयारी करता येते, निदान तयारी करतोय असं दाखवता तरी येतं. सासऱ्याचं काय होतं हे कुणीच सांगत नाही. वकिलाकडे आमच्या सगळ्या चीजवस्तूंची वाटणी झाली तेव्हा तुम्ही कुणाच्याच बाजूला नव्हतात. मी तिथेच विचारणार होतो, पण तो तासावर पैसे घेतो. एक सांगतो, मग पुन्हा हा विषय काढणार नाही: बाप समजून मी आयुष्यात ज्या एकाच माणसाच्या शिव्या खाल्ल्या, ते तुम्ही. ते जाऊ नये असं मला वाटतं. बस. आता कॅम्पचं.

कॉकटू बेंडच्या कॅम्पवरची मार्चच्या जोडसुट्टीतली जागा मिळवणं म्हणजे काय असतं हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या काळी गुरुवारी जाऊन एक मोडकी खुर्ची ठेवून आलं की चौदा नंबर आपला. आता वेबसाइट उघडते त्या सकाळी अर्धं राज्य कॉम्प्युटरसमोर बसलेलं असतं, आणि नदीकाठच्या सगळ्या जागा चहा गार व्हायच्या आत जातात. सप्टेंबरमध्ये मी आणि ब्रॉन दोघं शेजारी शेजारी बसून, दोन कॉम्प्युटर लावून, एकमेकांवर ओरडत ती जागा मिळवली होती. आमच्या संसारातलं एकत्र केलेलं ते शेवटचं काम, आणि बहुतेक सगळ्यात यशस्वी. मग ऑक्टोबर आला. जागा दोघांच्या नावावर. ती रद्द करेल म्हणून मी थांबलो, मी रद्द करेन म्हणून ती थांबली. चौदा नंबर आपण होऊन सोडणारा माणूस ह्या घराण्यात जन्मलेला नाही, आणि मी लग्नाने आलो असलो तरी ह्या बाबतीत तुमच्याच हाताखाली तयार झालोय. विचारायला फोन करावा, तर फोन केला म्हणजे दुसऱ्याला वाटणार की काहीतरी परत जुळवायचा बेत आहे. तेव्हा शनिवारी मी निघालो. फक्त जागा वाया जाऊ नये म्हणून निघालो, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

पोचलो तेव्हा दुपार झाली होती. ऊन असं की पिकअपच्या दाराला हात लागला तर कातडी तिथेच राहील. आणि चौदा नंबरवर आधीच ब्रॉन. खुर्ची टाकून बसलेली, डोक्यावर तुमची जुनी टोपी, आणि तिच्या पुढ्यात जमिनीवर तुमचा तो हिरवा कॅनव्हासचा तंबू, मेलेल्या गाईसारखा आडवा पसरलेला. उभा का केला नव्हता? कारण त्याचे खांब माझ्याकडे होते. आमची वाटणी फार समजूतदारपणे झाली होती, मर्व्ह. गॅरेजमधल्या पिशव्या एक तुला एक मला करत मोजून घेतल्या, आत काय आहे हे उघडून बघणंसुद्धा आम्हाला कद्रूपणाचं वाटलं. त्यामुळे तिला कापड मिळालं, मला खांब आणि खुंट्या. मला वाटत होतं माझ्याकडे तंबू आहे. तिलाही तेच. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "खांब आणलेस?" मी म्हटलं, "कापड आहे?" पाच महिन्यांत आम्ही एकमेकांशी वकिलाशिवाय बोललेलं हे पहिलं संभाषण.

पुढचं सगळं समजायला तुम्हाला तुमचाच नियम आठवावा लागेल. (तुम्ही कसा विसराल म्हणा. पण तुमच्या शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याला तुम्ही माझी पत्रं वाचून दाखवता, हे मला माहीत आहे, त्यांच्यासाठी सांगतो.) मुक्कामाला पोचल्यावर लाकडं पेटवायची, नदीचं पाणी बिलीत, म्हणजे त्या काळ्याठिक्कर पडलेल्या डबड्यात, उकळायचं, आणि चहा हातात येईपर्यंत कुणी कुणाबद्दल एक अक्षर तक्रार करायची नाही. वाट कोण चुकलं, खुंट्या कोण विसरलं, गाडीत कोण ओकलं, सगळं चहानंतर. चहानंतर बोलायचं काही उरत नाही हीच त्या नियमातली गंमत. ग्लेनिस सासूबाई वारल्या त्या वर्षीसुद्धा तुम्ही बिली उकळेपर्यंत एक शब्द बोलला नव्हतात. उकळल्यावरही बोलला नाहीत, पण तो वेगळा मुद्दा.

आता अडचण अशी की शनिवारी वणव्याच्या भीतीनं पूर्ण अग्निबंदी. फाटकावरच पाटी. शेकोटी नाही, गॅसची शेगडी नाही (ती तशीही तुमच्या लेखी चूल नाहीच), काडी ओढायची नाही. म्हणजे बिली उकळणार नाही. म्हणजे तक्रार नाही. दोघांच्याही पोटात पाच महिन्यांचं साठलेलं, आणि नियमाप्रमाणे तोंड उघडायची सोय नाही. कुणी आम्हाला अडवत होतं का? नाही. पण चौदा नंबरवर तुमचा नियम मोडायचा म्हणजे चर्चमध्ये चपला फेकून मारल्यासारखं. तेव्हा आम्ही दोघं सभ्य झालो. इतके सभ्य आम्ही लग्नाच्या दिवशीही नव्हतो. तू आधी. नाही नाही, तू. पाणी हवं? असेल तर चालेल. नसेल तर मी आणतो. नको, मीच जाते. शेवटी पाणी कुणीच आणलं नाही.

त्या सभ्यतेत घोरपड आली. तुमच्या वेळची ती लांबडी की तिची नात, ठाऊक नाही, पण ह्या घराण्याशी तिची ओळख असावी, कारण ती सरळ ब्रॉनच्या बर्फाच्या पेटीकडे गेली. झाकण नीट लागलेलं नव्हतं. तिनं नाकाने ते उचललं, आत तोंड घातलं, आणि सॉसेजची अख्खी माळ बाहेर काढून, आमच्या दोघांच्या मधून, लग्नातल्या करवलीसारखी डौलात चालत गेली. मी बघत होतो. पेटी ब्रॉनची, तेव्हा तिच्या सॉसेजमध्ये मी कशाला हात घालू, असं मला वाटलं. ब्रॉनही बघत होती. (तिला वाटत होतं की मी उठेन, कारण घोरपडींमागे धावणं हे पूर्वी माझं खातं होतं. हे तिनं नंतर सांगितलं.) घोरपड झाडावर चढली, तिथून एक तुकडा खाली पाडला, आणि आम्ही एकमेकांना म्हणालो, जाऊ दे, तशीही शिजवता आली नसती. मग डब्यातल्या गार घेवड्यावर दिवस काढला.

शेजारी पंधरा नंबरवर नोलीन आणि रेग, नेहमीसारखेच. नोलीनला आमचं काहीच माहीत नव्हतं. तंबू उभा राहिला, ब्रॉननं आपली गादी आत टाकली, मी माझी वळकटी पिकअपच्या मागच्या फळीवर पसरली. नोलीन लगेच कुंपण नसलेल्या कुंपणाशी येऊन उभी. "काय रे जॅरड, भांडलात का?" ब्रॉन माझ्याआधी म्हणाली, "छे गं. घोरतो." मी मान हलवली. इथे कुणाचं काही बिघडत नव्हतं, पण नोलीनला मदत केल्याशिवाय चैन पडत नाही. रेगही घोरायचा, मग तिनं काय काय केलं, नाकाला लावायचा चिमटा, पायजम्याच्या पाठीला शिवलेला टेनिसचा चेंडू, सगळं ऐकून झालं. चिमटा तिच्याकडे जादा होता. तो तिनं मला दिला. ती असेपर्यंत मी तो लावून बसलो. त्या चिमट्यातून बोललेला माझा आवाज ऐकून ब्रॉन हसली, मर्व्ह. तोंड फिरवून हसली, पण मी खांदे बघितले.

नोलीनकडे थर्मासमध्ये घरून आणलेला चहा होता. तिनं दोन पेले भरून दिले आणि म्हणाली, "घ्या, मर्व्हच्या नियमातून सुटलात." मी ब्रॉनकडे बघितलं. ब्रॉन पेल्यात बघत म्हणाली, थर्मासचा धरत नाहीत. मी म्हटलं, नाहीच धरत. तुम्ही असता तर तुम्हीही हेच म्हणाला असतात, बरोबर ना? दोघांनाही त्या क्षणी भीती वाटली की आता बोलावं लागेल. म्हणून आम्ही नियमाच्या मागे लपलो. एवढं एकमत आमचं बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

आता वाईट बातमीकडे येतो. पेला बाजूला ठेवा.

तंबू कुठे लावला हे मी वर लिहिलं नाही. मुद्दाम नाही लिहिलं. मोठ्या रेड गमच्या झाडाखाली लावला. त्या म्हाताऱ्या झाडाखाली, ज्याच्या ढोलीत काकाकुवे राहतात, आणि जिथे कुणी नुसती खुर्ची जरी सरकवली तरी तुम्ही "उठ तिथून" म्हणून खेकसता. गेली कितीतरी वर्षं तुम्ही तंबू उन्हात लावता, वेटल झुडपांपाशी, आणि आम्ही भाजून निघतो. मला पक्कं माहीत होतं की निलगिरीच्या ह्या जातीखाली झोपायचं नाही. ब्रॉनला माझ्याआधीपासून माहीत, ती तर तिथे रांगलीये. पण तिनं कापडाचं एक टोक उचललं, त्या सावलीकडे बघितलं आणि विचारलं, "इथे चालेल?" मी म्हटलं, "तुला चालत असेल तर." ती म्हणाली, "मला कुठेही चालतं." आणि आम्ही दोघांनी मिळून, एकमेकांना खुंट्या देत, प्लीज आणि थँक्यू म्हणत, तुमचा तंबू त्या झाडाखाली ठोकला. हातोडी मारताना माझ्या कानात तुमचा आवाज येत होता. मी बोललो नाही. तक्रार कशी करणार, बिली कुठे उकळली होती?

रविवारी पुन्हा अग्निबंदी, आदल्या दिवसाहून जास्त ऊन, आणि दुपारी वारा एकदम मेला. तुम्ही नेहमी सांगता की ह्या झाडाची फांदी वारा सुटल्यावर नाही, वारा पडल्यावर पडते. गोमाश्या इतक्या चावत होत्या की सगळा कॅम्प नदीत जाऊन बसला होता. ब्रॉन वरच्या अंगाला, त्या बुडालेल्या ओंडक्यापाशी. मी खालच्या अंगाला, वाळूवर. आमच्या मधे दोन कुटुंबं आणि हवा भरलेला एक गुलाबी फ्लेमिंगो. सभ्य अंतर. आणि मग आवाज. आधी बंदुकीसारखा एक, मग काहीच नाही, मग जमिनीनं दम सोडावा तसा. सगळे काकाकुवे एकदम उडाले आणि किंचाळत नदीवर आले.

वर जाऊन बघतो तर तंबू नव्हता. तंबूच्या जागी फांदी होती. फांदी म्हणतोय, ती माझ्या पिकअपएवढी जाड होती. आणि त्या पाल्यात नोलीन गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी डहाळ्या ओढत होती. हात सोलवटलेले. ती आम्हा दोघांना नावाने हाका मारत होती, आणि रेग तिला मागून धरून "बाजूला हो गं, बाजूला हो" म्हणत होता आणि स्वतः रडत होता. त्यांना वाटलं आम्ही आत आहोत. आम्ही आलो दोन बाजूंनी, ओलेचिंब. नोलीननं आम्हाला बघितलं, उठली, एका हातात मला, एका हातात ब्रॉनला असं आवळून धरलं की आमची डोकी एकमेकांवर आपटली. ती म्हणत होती, बरोबर होतात म्हणून वाचलात रे पोरांनो, बरोबर होतात म्हणून.

ब्रॉन तिच्या खांद्यावर म्हणाली, "नोलीन, आम्ही बरोबर नव्हतो. आम्ही ऑक्टोबरपासून बरोबर नाही."

नोलीननं हात सोडले. ती ब्रॉनच्या बर्फाच्या पेटीवर बसली. तिनं माझ्याकडे बघितलं, ब्रॉनकडे बघितलं. मग म्हणाली, "आणि मर्व्ह? मर्व्ह कुणाकडे?" जसं काही तुम्ही फ्रिज आहात. मर्व्ह, आम्ही दोघांनीही उत्तर दिलं नाही. ब्रॉननं का दिलं नाही ते मला माहीत नाही. मी का दिलं नाही ते वर लिहिलंय.

सोमवारी सकाळी दक्षिणेकडून गार वारा आला आणि बंदी उठली. रेंजर आली, जसिंटा नावाची मुलगी, तुमच्या ओळखीची, मागच्या वर्षी तुम्ही तिच्याशी सरपणावरून वाद घातला होतात. तिनं झाडाभोवती फिरून बघितलं, वर बघितलं, आणि धोक्याची प्लास्टिकची पट्टी काढून चौदा नंबरच्या भोवती गुंडाळायला लागली. मी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, दिवस नाही, कायमचं. अजून दोन फांद्या तशाच लटकताहेत. मी म्हटलं, मग झाड तोडा. (माझी चूक. रागात बोललो.) तिनं पट्टीची गाठ मारली आणि म्हणाली, "मर्व्हकाका इथे तंबू लावायला लागले त्याच्या कितीतरी आधीपासून ते इथे आहे. झाड राहील. माणसं हलतील." तर ही बातमी. तुमचा तंबू गेला आणि चौदा नंबर गेला. तंबू आमच्या मूर्खपणामुळे. चौदा नंबर कदाचित तसाही गेला असता, पण ते मी स्वतःला समजावायला म्हणतोय.

त्याच सकाळी, जसिंटा यायच्या आधी, शेकोटीच्या लोखंडी कड्यात मी लाकडं रचली. तुमच्या शेडमधली, तुम्हीच फोडलेली. बिली ठेवली. ब्रॉन खुर्ची घेऊन समोर आली. आम्ही दोघं त्या डबड्याकडे असे बघत होतो जसे निकालाची वाट बघतोय. माझी तयारी होती, मर्व्ह. पाच महिने मी पिकअप चालवताना तोंडपाठ केलेलं सगळं होतं, तारखांसकट. पाणी उकळलं. मी मूठभर चहा टाकला, तुमच्यासारखी बिली गोल फिरवली, थोडा चहा बुटावर सांडला. तिला पेला दिला. आता नियमाप्रमाणे बोलायला मोकळीक. आणि एक वाक्य आठवेना.

शेवटी तीच बोलली. "मला वाटलं तुला सावली हवीये. तू खूप दमलेला दिसत होतास."

मी म्हटलं, "मला वाटलं तुला हवीये."

ती म्हणाली, "मला माहीत होतं तिथे लावायचा नाही ते."

"मलाही."

त्यानंतर आम्ही चहा प्यायलो. आमच्यात काय बिघडलं ते सांगायला मी दोन समुपदेशकांकडे बसलो होतो, मर्व्ह, एकीच्या खोलीत तर माशांची काचपेटी होती, आणि त्यातल्या कुणालाही ते सापडलं नाही. ते ह्या चार वाक्यांत होतं. आम्ही भांडलो म्हणून नाही मोडलं. मला वाटलं तिला शहरात राहायचंय, तिला वाटलं मला गाव सोडायचंय, म्हणून आम्ही दोघांना नको असलेल्या जागी तीन वर्षं राहिलो आणि एकमेकांना थँक्यू म्हणत राहिलो. मूल नको हेही असंच ठरलं. ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता कागदावर सांगतोय, कारण कागद 'हं' म्हणत नाही.

मी विचारलं तिला. लपवत नाही. म्हटलं, ब्रॉन, आता कळलंय तर परत बघूया का? तिनं पेल्यातला तळाचा गाळ जमिनीवर ओतला, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "नाही रे जॅरड. तू आत्ता हे विचारतोयस तेसुद्धा मला बरं वाटावं म्हणून विचारतोयस का, हे मला कळत नाहीये. असं नाही जगता येत." ती रडत होती. मीही. शेजारी नोलीन रेगला मोठ्याने सांगत होती की तिकडे बघू नकोस, आणि स्वतः बघत होती.

मग आम्ही फांदीखालून जे निघालं ते ओढून काढलं. कापडाच्या चिंध्या. पाच खांब वाकलेले, दोन सरळ. तिनं टोपी झटकली. ती म्हणाली, डॅडला तंबूचं तू सांग, माझ्याच्याने होणार नाही. आणि जाता जाता, गाडीत बसल्यावर, काच खाली करून म्हणाली की हॉस्पिटलवाले तुम्हाला पुढच्या आठवड्यात घरी सोडायचं म्हणताहेत, पण पहिला दीड महिना घरात दुसरं माणूस असल्याशिवाय सोडणार नाहीत, आणि ती शिकवते त्या शाळेचं सत्र चालू आहे, तिला रजा नाही, काय करावं कळत नाही. मी म्हटलं, होईल काहीतरी. ती गेली. मी पिकअपमध्ये बराच वेळ बसलो आणि मग निघालो, कारण अकराला जागा रिकामी करायची असते. पट्टी लागलेली जागासुद्धा.

एवढंच. तंबूबद्दल माफ करा. सार्जंटचं ऐका. भोपळा खा.

तुमचा,
जॅरड

ता. क. : उजव्या ओळीतल्या टोमॅटोंचं आता सांगून टाकतो. काही उरलेलं नाही. जाळी टाकायची का असं मी विचारणार होतो, पण तुम्हाला जाळी आवडत नसेल असं वाटून गप्प बसलो. ही सवय जायला वेळ लागेल.

ता. क. दुसरा : फक्त जागा वाया जाऊ नये म्हणून गेलो, असं वर लिहिलंय ते खोटं आहे. ती येईल असं वाटलं होतं म्हणून गेलो. दाढी करून गेलो. नोलीनच्या लक्षात आलं, तिच्या नाही.

ता. क. तिसरा : ह्या वेळी 'मला वाटलं तुम्हाला वाटलं' असं करत नाही, सरळ विचारतो. मी ज्या खोलीत राहतो तिला एकच खिडकी आहे आणि ती खालच्या केशकर्तनालयाच्या पाटीवर उघडते. मला साठलेली रजा आहे, सगळी. तुमच्या मागच्या व्हरांड्यातल्या त्या खाटेवर मी दीड महिना राहू शकतो. मला उचलता येतं, आंघोळ घालता येते (मी डोळे मिटेन), आणि भोपळा सोडून सगळं रांधता येतं. हे उपकार म्हणून नाही. मला कुठेतरी असायला हवंय, आणि ते तुमच्याकडे असावं असं मला वाटतं. आता मी जावई नाही, तेव्हा तुम्हाला विचित्र वाटलं तर तसं सांगा, मला समजेल. नाही म्हणायचं असेल तर मात्र मला फोन करू नका, ब्रॉनला सांगा. मला वाईट बातमी द्यायचं तिला आता चांगलं जमतं.